न आलेल्या पिल्लाचा विसार

(ग्राहक मार्गदर्शन मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा होतो तेव्हा विसाराची रक्कम चार माणसांदेखत दिली जाते. त्याआधी बैलाचे दात मोजलेले असतात, त्याला चार पावले चालवून पाहिलेले असते आणि रुमालाखाली बोटे धरून भाव ठरलेला असतो. विसार घेणारा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हेही बाजारात ठाऊक असते. ठरलेला बैल दिला नाही तर विसार निमूटपणे परत करावा लागतो; कारण पुढच्या बाजाराला त्याच माणसाला त्याच जागी उभे राहावयाचे असते. विसाराच्या प्रथेला कायद्याचे पाठबळ आहेच, परंतु ती टिकून राहिली ती या ओळखीच्या बळावर.

अलीकडे पाळीव प्राण्यांची, विशेषतः कुत्र्यामांजरांच्या पिल्लांची खरेदी मोबाइलवरील छायाचित्र पाहून ऑनलाइन होऊ लागली आहे. येथे दात मोजता येत नाहीत, विक्रेत्याचे गाव ठाऊक नसते आणि साक्षीला कोणी नसते. विसार मात्र पूर्वीप्रमाणेच आधी द्यावा लागतो.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका शिक्षकाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मुलीच्या हट्टाखातर त्यांनी लॅब्रेडॉर जातीचे एक पिल्लू पसंत केले. किंमत २०,००० रुपये. पैकी ८,००० रुपये विसार म्हणून यूपीआयने पाठविले. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की पाठवितो, असे विक्रेत्याने कळविले. दोन महिने लोटले. प्रथम लस द्यावयाची राहिली असे उत्तर आले, मग गाडी मिळत नाही असे आले, आणि शेवटी कळविण्यात आले की, ते पिल्लू गेले. पुढच्या वेतातील देता येईल, विसार मात्र परत होणार नाही, तसे जाहिरातीत आधीच लिहिले होते. इकडे मुलीने पिल्लाचे नावही ठरवून ठेवले होते. रक्कम लहान आहे, सोडून द्या, असा सल्ला अशा वेळी भोवतालची माणसे देतात. हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तो चुकीचा आहे. किंबहुना अशा सल्ल्याच्या भरवशावरच विक्रेता नकार देण्यास धजावतो.

विक्रेता खरोखर आहे काय?

पैसे परत मिळविण्याचा मार्ग धरण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. समोरचा माणूस शब्द न पाळणारा व्यापारी आहे, की मुळात व्यापारीच नाही? दोन्ही ठिकाणी नुकसान सारखेच दिसते, परंतु दाद मागण्याची ठिकाणे वेगळी आहेत आणि हाती असलेला वेळही वेगळा आहे.

ज्याच्याकडे पिल्लूच नसते अशा भामट्याची रीत बहुधा ठरलेली असते. छायाचित्र दुसऱ्याचे उचललेले असते आणि भाव बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी असतो. बदली झाल्यामुळे पिल्लू देऊन टाकावयाचे आहे, असे सांगणारा हमखास लष्करी गणवेशातील छायाचित्र पाठवितो. विसार मिळताच मागण्या सुरू होतात: पिंजऱ्याचे पैसे, वाहतुकीचा विमा, विमानतळावरील तपासणीचे शुल्क. यातील प्रत्येक रक्कम परत मिळणारी आहे असे आवर्जून सांगितले जाते. पिल्लू चालत्या दूरदृश्य संभाषणात दाखवा म्हटले की संभाषण तुटते.

असा संशय येताच, नोटिसा लिहीत न बसता, १९३० या सायबर मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. या व्यवस्थेचे काम समजून घेण्यासारखे आहे. तक्रारदाराने व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम सांगितली की ती माहिती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते. तेथून ते पुढच्या खात्यात गेले असतील तर त्या बँकेकडे जाते. जेथे रक्कम शिल्लक सापडेल तेथे ती रोखून धरली जाते आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकास परत मिळू शकते. भामट्याने ती काढून घेतल्यावर मात्र रोखण्यासारखे काही उरत नाही. म्हणून येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची रजा घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ असे म्हणणारा शिक्षक बहुधा उशिरा पोचतो.

गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावरून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमाने दिली असेल तर ३ दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-ड लागू पडते.

मात्र प्रत्येक मोडलेला शब्द म्हणजे फसवणूक नव्हे. पैसे घेतानाच न देण्याचा हेतू असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. ज्याचे नाव, पत्ता व कुत्र्यांची पैदास खरी आहे, परंतु जो विसार दाबून बसला आहे, अशा माणसाविरुद्ध पोलिसांनी वसुली करून द्यावी अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. बँकेकडेही तेच. ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून गेलेल्या रकमेबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आहे. परंतु आपल्या हाताने पिन दाबून पाठविलेल्या पैशांना ते संरक्षण मिळत नाही.

विसार बुडतो केव्हा?

आता खऱ्या विक्रेत्याकडे वळावे. कुत्र्याचे पिल्लू घरात आले की कुटुंबातील एक होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो माल आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० मधील जंगम वस्तूंच्या व्याख्येत ते येते. जन्माला न आलेल्या पिल्लाचा सौदादेखील भावी वस्तू विकण्याचा करार म्हणून मान्य होतो. मोबाइलवरील संदेशांतून ठरलेला व्यवहारही करारच असतो. मुद्रांकित कागद नाही म्हणून तो पोकळ ठरत नाही.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. श्वानपैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे कुत्री गाभण असताना विसार घेतला तर पिल्लू हाती येईपर्यंत जवळजवळ चार महिने जाऊ शकतात. तंटे उद्भवतात ते बहुधा या मधल्या काळात.

या काळात विक्रेत्याने ठरलेले पिल्लू दुसऱ्यास विकले, किंवा दिलेल्या मुदतीत पाठविले नाही, तर करार त्याने मोडला. मग विसार परत होत नाही ही ओळ जाहिरातीत कितीही ठळक छापलेली असो, तिचा त्याला उपयोग नाही. विसार ही खरेदीदाराने शब्द पाळावा म्हणून दिलेली हमी आहे. शब्द मोडणाऱ्या विक्रेत्याला ते बक्षीस नव्हे. पुढच्या वेतातील पिल्लू घ्या, हा विक्रेत्याचा प्रस्ताव झाला. तो स्वीकारण्याचे बंधन ग्राहकावर नाही, आणि स्वीकारावयाचा नसेल तर तसे त्याच दिवशी लिहून कळविणे शहाणपणाचे ठरते. मौन म्हणजे संमती असा अर्थ पुढे काढला जातो.

पिल्लू मेले तर? लसीकरण पूर्ण होण्यापूर्वी पार्व्होसारख्या रोगाने संबंध वेतच दगावण्याचे प्रसंग येतात आणि त्यात विक्रेत्याचा दोष असतोच असे नाही. येथेही कायदा स्पष्ट आहे. ठरलेली विशिष्ट वस्तू कोणाच्याही दोषाविना, तिची जोखीम खरेदीदाराकडे जाण्यापूर्वी नष्ट झाली, तर वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे तो करार रद्द होतो. आणि रद्द झालेल्या कराराखाली मिळालेला लाभ परत करावा, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ६५ सांगते. विक्रेत्याचे दुःख खरे असले तरी ८,००० रुपये त्याचे होत नाहीत. जोखीम केव्हा पालटते याबाबत मात्र सावध राहावे. ग्राहकाच्या सांगण्यावरून पिल्लू वाहतूकदाराच्या स्वाधीन केले की ते ग्राहकास पोचले, असा युक्तिवाद करण्यास जागा राहते. म्हणून घरपोच देईपर्यंतची जबाबदारी विक्रेत्याची, असे एक वाक्य आधीच लिहून घेतलेले बरे.

ग्राहकाने स्वतःच माघार घेतली असेल तर त्याची बाजू लंगडी होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. विसार जप्त होण्याची अट स्पष्ट असेल आणि रक्कम वाजवी असेल तर ती परत मिळेलच असे नाही. तथापि करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. कैलास नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात, नुकसानच झाले नसेल तर विसार जप्त करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. त्याच आठवड्यात तेच पिल्लू त्याच किमतीला दुसऱ्यास विकणाऱ्याचे नुकसान कोणते, हा प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावा.

कागद आणि सूचनापत्र

दप्तर नीट असलेल्या तक्रारदाराचे काम निम्मे झालेले असते. जाहिरात, सर्व संभाषण, पैसे पाठविल्याची नोंद व व्यवहाराचा क्रमांक, पिल्लाची छायाचित्रे हे सर्व तारखांसह जपून ठेवावे. स्क्रीनशॉट काढून मूळ संभाषण पुसून टाकण्याची चूक अनेकजण करतात. मूळ मोबाइल आणि त्यातील मूळ संदेश हाच खरा पुरावा. विक्रेत्याचा पत्ता ठाऊक नसेल आणि खरेदी एखाद्या ऑनलाइन बाजारपेठेमार्फत झाली असेल, तर त्या बाजारपेठेकडे लेखी मागणी करावी. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याचा पत्ता व संपर्काची माहिती ग्राहकास देणे तिला बंधनकारक आहे. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करावयाचे असते. तसेच २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत ऑनलाइन विक्रीचाही अंतर्भाव आहे. कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला की अनेक विक्रेत्यांचा सूर पालटतो.

यानंतर सूचनापत्र पाठवावे. त्यासाठी वकीलच हवा असे नाही. त्यात संताप नसावा, तारखा असाव्यात. नमुना असा होईल:

“दिनांक अमुक रोजी लॅब्रेडॉर जातीच्या एका नर पिल्लाच्या खरेदीपोटी रुपये ८,००० इतकी रक्कम आपल्या खात्यात अमुक क्रमांकाच्या व्यवहाराने जमा करण्यात आली. पिल्लू दिनांक अमुकपर्यंत पोचते करण्याचे आपण लेखी कबूल केले होते. ते अद्याप मिळालेले नाही. सबब हा करार रद्द करण्यात येत असून, ही सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत संपूर्ण रक्कम, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात, परत करावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे रक्कम, व्याज, नुकसानभरपाई व खर्च यांसाठी तक्रार दाखल करण्यात येईल.”

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी आणि त्याचीच प्रत संदेशाद्वारेही धाडावी. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. विक्रेत्याने तडजोडीदाखल निम्मी रक्कम पाठविली तर ती घेण्यास हरकत नाही. मात्र ‘संपूर्ण फेड’ असे कबूल करू नये. मिटली नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक मदत सेवेच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार द्यावी. ही सेवा समजावणीची आहे. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. म्हणून तिच्या उत्तराची वाट पाहण्यात महिनोन्महिने घालवू नयेत.

जिल्हा आयोगापुढे

ग्राहक चळवळीचे बीज महाराष्ट्रात लवकर रुजले. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची स्थापना केली, त्यानंतर तब्बल बारा वर्षांनी, १९८६ साली, पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला. त्या कायद्याखाली शहरातील विक्रेत्याविरुद्ध साधारणपणे त्याच्याच जिल्ह्यात जावे लागे आणि आठ हजारांसाठी चार फेऱ्या मारणे कोणास परवडणार? २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमाने हा अडसर दूर केला. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. दूरच्या विक्रेत्याशी व्यवहार करणाऱ्या ग्राहकाच्या हाती या कायद्याने दिलेले सर्वांत मोठे शस्त्र हेच होय.

५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते आणि विनंती केल्यास सुनावणीस दूरदृश्य माध्यमातून हजर राहता येते. विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, उत्तर द्यावयाचे असते. त्यापलीकडे मुदत वाढविता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरविले आहे. कायद्यात निकालासाठी साधारण ३ महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात अधिक लागतात; याची तयारी ठेवावी.

तक्रार लिहिताना एक बारकावा सांभाळावा. विसार परत न करण्याची अटच अनुचित करार म्हणून रद्द करा, असे मागितले तर ते राज्य आयोगाच्या अधिकारात जाते. ठरलेला प्राणी दिला नाही व पैसे अडकवून ठेवले, ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, अशी मांडणी केली म्हणजे जिल्हा आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. आज देतो, उद्या देतो, या विक्रेत्याच्या संदेशांनी ती आपोआप लांबत नाही.

श्रोत्यांत ग्रामपंचायतींचे सदस्य आहेत, म्हणून शेळ्या आणि दुभत्या गाईंचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. कारण त्यांचीही विक्री आता अशाच रीतीने होते. पुनर्विक्रीसाठी खरेदी करणारा व्यापारी हा ग्राहक नव्हे. परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठी चार शेळ्या घेणारी स्त्री कायद्याने ग्राहकच ठरते. उलट, घरच्या कुत्रीला झालेली पिल्ले एकदाच विकणारा शेजारी व्यापारी ठरेलच असे नाही. तेथे दिवाणी न्यायालय किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावापूर्व लोकअदालत हा मार्ग बरा. दिवाणी दाव्यास ३ वर्षांची मुदत आहे.

एका खरेदीला मात्र कोठेच दाद नाही. देशी पोपट, मुनिया, तारा कासव हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांचा सौदा मुळातच बेकायदेशीर असल्याने त्यासाठी दिलेला विसार मागावयास गेलेला माणूस स्वतःच आरोपी होण्याचा संभव असतो. पोपट पिंजऱ्यात ठेवणे ही आपल्याकडे इतकी जुनी गोष्ट आहे की, हे सांगितल्यावर शिक्षकांनाही आश्चर्य वाटते.

आयोगाचा आदेश झाला तरी पैसे देण्यास टाळाटाळ होऊ शकते. अशा वेळी त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा. कलम ७१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्यास किमान १ महिना ते ३ वर्षे कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आठ हजारांसाठी ही जोखीम पत्करणारे विक्रेते थोडेच.

पैसे परत येण्याच्या वेळी आणखी एक सापळा असतो. परतावा पाठवितो, हा क्यूआर संकेत स्कॅन करा आणि पिन टाका, असा निरोप येतो. किंवा अडकलेली रक्कम सोडवून देतो म्हणणारा मध्यस्थ आपले शुल्क आधी मागतो. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्या शिक्षकांनी विक्रेत्याला फक्त आपला खाते क्रमांक लिहून पाठवावा आणि रक्कम जमा झाल्याची खात्री बँकेच्या नोंदीवरूनच करून घ्यावी.